पुतणीला दमा आहे, ती ५००० मीटर पळते, आणि औषधं बंदीच्या यादीत: परवानगीचं नेमकं कसं असतं?

अंबाजोगाई पीटी

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईजवळच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. विचारायलोय ते माझ्या पुतणीसाठी. वय १९, लांब पल्ल्याची धावपटू. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं स्टीपलचेस बघून पळायला लागलेल्या पोरींपैकी ती एक. यंदा विद्यापीठाच्या संघातून राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धेला निवड झाली आहे. स्पर्धेला २५ दिवस उरलेत.

तिला लहानपणापासून दमा. सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या, मळणीयंत्राची धूळ उडाली, की छाती भरून येते. मागच्या महिन्यात मोठा अटॅक आला. रात्री गावातल्या दवाखान्यात नेलं. वाफ दिली, डेक्साचं इंजेक्शन दिलं, ५०० मिलीचं सलाईन लावलं आणि पाच दिवसांच्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या. सोबत खोकल्याची बाटली. रोजचं म्हणाल तर सकाळ-संध्याकाळ फॉर्मोटेरॉल आणि ब्युडेसोनाइडचा पंप, दम लागला तर सालब्युटामॉलचा निळा पंप.

आता खरी अडचण सांगतो. सराव शिबिरात कुणीतरी तिला म्हणालं की पंप म्हणजे डोपिंग, लघवीत सापडलं की दोन वर्षं बाहेर. पोरीनं त्या दिवसापासून दोन्ही पंप बंद केले. आम्हाला पत्ताच नाही. परवा सरावात चौथ्याच फेरीला छाती धरून खाली बसली तेव्हा कळलं. रागावलो तर म्हणाली, "काका, पदक गेलं तर चालंल. पण गावात डोपिंगवाली म्हणलेलं नाही चालणार."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. कुणी म्हणतं आजारासाठी बंदीतलं औषध घ्यायची टीयूई नावाची परवानगी काढा, कुणी म्हणतं ती मोठ्या खेळाडूंनाच मिळते. कृपया माहिती असणाऱ्यांनी नीट सांगा.

---

छातीचे डॉक्टर, संभाजीनगर

सर, सगळ्यात आधी: आज संध्याकाळी तिला पंप सुरू करायला लावा. बाकीचं वाचन नंतर. रोजचा पंप अचानक सोडून ५००० मीटर पळणं हे डोपिंगच्या शिक्षेपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे.

तिच्या दोन्ही पंपांना परवानगीच लागत नाही. वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत दम्याची बरीच औषधं बंदीत आहेत, पण श्वासावाटे घेतलेल्या काहींना ठरावीक मात्रेपर्यंत मोकळीक आहे. सालब्युटामॉल २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत, आणि त्यातही कुठल्याही ८ तासांत ६०० च्या वर नाही. आपल्याकडच्या पंपात एका दाबाला १०० मायक्रोग्रॅम असतात, म्हणजे ८ तासांत ६ दाब. फॉर्मोटेरॉलची मर्यादा २४ तासांत ५४ मायक्रोग्रॅम. नेहमीच्या पंपात एका दाबाला ६ असतात, तिचे दिवसाचे चार दाब धरले तरी २४ होतात. ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड आहे खरं, पण श्वासावाटे घेतलेल्या स्टेरॉइडला नेहमीच्या मात्रेत बंदी नाही.

आता वाफ. इथं लोक फसतात. नेब्युलायझरमध्ये टाकायची सालब्युटामॉलची एक कुपी साधारण २.५ मिलिग्रॅमची, म्हणजे २५०० मायक्रोग्रॅम. एका वाफेतच दिवसाची मर्यादा ओलांडली जाते. म्हणून वाफ घ्यावी लागली तर टीयूई लागेल. जीव धोक्यात असेल तर वाफ घ्यायचीच, त्यात विचार करायचा नाही. तातडीच्या उपचारासाठी नंतर अर्ज करायची सोय नियमातच आहे. फक्त दवाखान्याचा कागद हवा: कधी आली, ऑक्सिजन किती होता, काय दिलं, किती दिलं.

डेक्सा आणि गोळ्यांबद्दल रात्री सविस्तर लिहितो, ओपीडी सुरू होतेय.

---

परभणी मेडिकल

सर, खोकल्याच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा आणि इथं टाका. मी २२ वर्षं काउंटरवर उभा आहे, म्हणून सांगतो. कफ सुटायच्या कितीतरी सिरपमध्ये टर्ब्युटालीन असतं. ब्रोमहेक्झिन, ग्वायफेनेसिन आणि टर्ब्युटालीन हे त्रिकूट तर मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरात फडताळात सापडेल. टर्ब्युटालीन स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेर, दोन्ही वेळी बंद आहे, आणि सालब्युटामॉलसारखी त्याला मोकळीक नाही. सालब्युटामॉलचं सिरप किंवा गोळी घेतली तर तीही चालत नाही, मोकळीक फक्त श्वासावाटे.

पृथ्वी शॉचं आठवतं ना? फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत त्याचा नमुना घेतला, त्यात टर्ब्युटालीन निघालं. खोकल्याचं औषध घेतलं होतं, हे त्याचं म्हणणं क्रिकेट मंडळानं मान्य केलं, तरी ८ महिन्यांची बंदी झाली. कसोटी पदार्पणात शतक मारलेल्या पोराची ही गत. आपली लेकरं तर सर्दी झाली की थेट आमच्याकडं येतात, "काका, खोकल्याचं द्या" म्हणतात, आणि आम्ही देतो. मीही दिलंय. आता ट्रॅकसूट घातलेलं पोरगं दिसलं की आधी विचारतो, कुठल्या लेव्हलला खेळतोस.

---

अंबाजोगाई पीटी

बाटली बघितली. टर्ब्युटालीन आहे. हात गार पडले. अर्धी बाटली संपलेली होती. शेवटचा चमचा किती दिवसांपूर्वी घेतला ते तिला नक्की आठवत नाही, दोन आठवडे झाले असतील म्हणते.

---

छातीचे डॉक्टर, संभाजीनगर

घाबरू नका. बाटली फेकू नका, फोटो काढून ठेवा, तारखेसह लिहून ठेवा. आणि परत घेऊ नका. आता यासाठी टीयूई मागितली तर मिळेल का? माझ्या मते नाही, आणि का नाही ते समजून घेतलं तर सगळी पद्धतच समजते.

टीयूई देताना नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, समितीतले डॉक्टर चार गोष्टी तपासतात. आजार खरा आहे आणि त्याचे वैद्यकीय पुरावे आहेत का. त्या औषधानं खेळाडू त्याच्या नेहमीच्या निरोगी अवस्थेपर्यंतच येतो, की त्याच्याही वर जातो. बंदी नसलेलं दुसरं औषध चाललं असतं का. आणि ही गरज आधी विनापरवाना घेतलेल्या बंदीच्या औषधामुळेच तर निर्माण झाली नाही ना. साध्या खोकल्यासाठी टर्ब्युटालीन तिसऱ्या मुद्द्यावरच अडकेल, कारण पर्याय ढिगानं आहेत. तिच्याकडे पंप आहेत, ते परवानगीतले आहेत.

आता डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, आणि पुडी. स्टेरॉइडची बंदी फक्त स्पर्धेच्या काळात असते. स्पर्धेचा काळ म्हणजे आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपासून स्पर्धा आणि नमुना घेणं संपेपर्यंत. पण औषध शरीरात रेंगाळतं, म्हणून वाडानं किती दिवस आधी थांबवावं हे दिलेलं आहे. डेक्सामेथासोन स्नायूत दिलं असेल तर ५ दिवस. प्रेडनिसोलोन गोळीतून घेतली असेल तर ३ दिवस. ट्रायामसिनोलोनचं स्नायूतलं इंजेक्शन मात्र ६० दिवस! १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धेच्या काळात स्टेरॉइडचं कुठलंही इंजेक्शन बंद आहे, अगदी गुडघ्याच्या सांध्यात दिलेलंही. तुमच्या पुतणीचं इंजेक्शन महिन्याभरापूर्वीचं, त्यामुळे ते अडचणीचं नाही. पण पुडीतल्या गोळ्यांची नावं त्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. गोळीचं नाव माहीत नसेल तर खेळाडूचा बचावच नाही.

---

परभणी मेडिकल

पुडीचं डॉक्टरांनी बरोबर पकडलं. आपल्याकडं खेड्यात तीन रंगाच्या गोळ्या कागदात बांधून "जेवणानंतर घे" म्हणायची पद्धत अजून गेली नाही. खेळाडूच्या घरच्यांनी एक नियम करावा: पाकिटासकट गोळी मिळत नसेल तर घ्यायची नाही, चिठ्ठी मागायची आणि दुकानातून बिलासकट आणायची. नाडाचं 'नो युवर मेडिसिन' नावाचं ॲप आहे, त्यात औषधाचं नाव टाकलं की चालतं की नाही ते दिसतं. तेही नाव माहीत असेल तरच ना.

---

तालीम लातूर

सगळं वाचलं. माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका.

मी पैलवान हरिश्चंद्र बिराजदारांच्या रामलिंग मुदगडच्या आसपासच्या मातीतला. आमच्या तालमीत औषधाचं नाव काढलं तरी वस्ताद कान पिळायचे. आता बघतो तर सवलतीच्या नावाखाली जगभर मोठी नावं बंदीची औषधं घेतात. २०१६ मध्ये रशियन हॅकरांनी वाडाचे कागद फोडले तेव्हा किती जणांची नावं बाहेर आली! अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सचंही होतं त्यात. मग आमच्या पोरांनी निव्वळ दूध-बदामावर लढायचं आणि त्यांनी परवानगीची चिठ्ठी घेऊन?

आणि दुसरं, माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेलं. एका मोठ्या स्पर्धेच्या चार दिवस आधी गुडघा सुजला. एका शहरातल्या डॉक्टरांनी सांध्यात सुई दिली आणि म्हणाले, खेळा बिनधास्त. मी विचारलं सुईत काय आहे, तर म्हणाले तुम्हाला काय करायचंय. तेव्हा मला या नियमाचा गंधही नव्हता. नमुना घेतला नाही म्हणून वाचलो. घेतला असता तर सुई देणारे डॉक्टर माझ्या बाजूनं उभे राहिले असते का? शिक्षा कुणाला झाली असती?

---

छातीचे डॉक्टर, संभाजीनगर

वस्ताद, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कडू आहे: शिक्षा तुम्हालाच. शरीरात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूची, कुणी दिलं आणि कसं दिलं हा नंतरचा भाग. म्हणून तर डॉक्टरांना "मी खेळाडू आहे, माझी चाचणी होऊ शकते" हे पहिलं वाक्य सांगायला शिकवलं पाहिजे.

पहिल्याबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. बाइल्सला लहानपणापासून लक्ष एकाग्र न होण्याचा विकार आहे आणि त्यावरचं औषध ती रीतसर परवानगीनं घेत होती. त्या फुटलेल्या कागदांत चोरी नव्हती, आजारपण होतं. दुसऱ्याचं आजारपण चव्हाट्यावर आणलं गेलं याचं मला वाईट वाटतं. पळवाट म्हणून सवलतीचा वापर कुणी केलाच नसेल असं मी म्हणत नाही. पण ब्रिटनचा रोइंगपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह बघा. १९९७ मध्ये त्याला मधुमेह निघाला, इन्सुलिन सुरू झालं, आणि २००० साली सिडनीत त्यानं सलग पाचवं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. इन्सुलिन बंदीच्या यादीत आहे. सवलत नसती तर त्याला "एक तर जग, नाही तर वल्हव" एवढंच सांगावं लागलं असतं. परवानगीची चिठ्ठी असलेल्या पैलवानाला दुधाच्या वरचं काही मिळत नाही. त्याच्याकडून जे आजारानं काढून घेतलं, तेवढंच परत मिळतं.

---

नांदेडची आई

इन्सुलिनचं नाव निघालं म्हणून लिहायला बसले. माझा मुलगा कबड्डी खेळतो, टाइप १ मधुमेह आहे, वयाच्या अकराव्या वर्षापासून दिवसाला चार सुया. त्याची टीयूई आम्ही काढली आहे. मोठ्यांनाच मिळते हे खोटं आहे. आमच्या घरात कुणी मोठं नाही, माझं शिवणकाम आहे.

अर्जाचा नमुना नाडाच्या संकेतस्थळावर मिळतो. अर्धा खेळाडूनं भरायचा, अर्धा डॉक्टरांनी. आमचा पहिला अर्ज अपुरा म्हणून परत आला. आमच्या डॉक्टरांनी आजाराच्या रकान्यात एकच शब्द लिहिला होता, "डायबेटिस". नोंदणी क्रमांक नव्हता, डोस नव्हता. त्या दिवशी मी रडले. दुसऱ्या वेळी त्यांच्यासमोर बसून सगळं लिहून घेतलं: निदान कधी झालं, पहिल्यांदा शुद्ध हरपून ॲडमिट केलं होतं तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड, एचबीए१सीचे रिपोर्ट, सी-पेप्टाइड, कुठलं इन्सुलिन, किती युनिट, दिवसातून किती वेळा, आणि गोळ्या का चालणार नाहीत. डॉक्टरांनी खूप सहकार्य केलं, फक्त आधी त्यांनाही माहीत नव्हतं.

सर, मुदतीचं लक्षात ठेवा. स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी अर्ज करायला सांगतात, आणि कागद पूर्ण पोचल्यावर समितीनं २१ दिवसांच्या आत निर्णय द्यायचा असतो. पूर्ण पोचल्यावर, हे महत्त्वाचं. अपुऱ्या अर्जाचे दिवस मोजतच नाहीत.

मंजुरीच्या पत्रावर औषध, डोस, कसं घ्यायचं आणि कधीपर्यंत ते सगळं लिहिलेलं असतं. त्याची रंगीत प्रत मुलाच्या किटमध्ये, इन्सुलिनच्या थंड पिशवीतच ठेवते. आणि हो, ही नाडाची परवानगी देशातल्या स्पर्धांसाठी. उद्या पोरगं परदेशात खेळलं तर आंतरराष्ट्रीय महासंघानं ती मान्य करावी लागते. तो दिवस येऊ दे, मी परत कागद गोळा करीन.

---

धाराशिव मैदान

मी मुलींच्या खो-खो संघासोबत काम करते. आमच्या जिल्ह्यानं खो-खोपटू सारिका काळेच्या रूपानं अर्जुन पुरस्कार बघितलाय, त्यामुळे पोरी भरपूर खेळतात. एक गोष्ट इथं कुणी बोललं नाही म्हणून बोलते.

पाळी अनियमित, चेहऱ्यावर केस, म्हणजे पीसीओएस नावाचा बायकांचा हार्मोनचा विकार. यासाठी मुली गुपचूप दवाखान्यात जातात आणि स्पायरोनोलॅक्टोन नावाची गोळी घेऊन येतात. ती गोळी मूत्रल आहे, शरीरातलं पाणी बाहेर काढणारी. मूत्रल औषधं बारा महिने बंद असतात, कारण त्यांनी दुसरी औषधं लघवीत पातळ होऊन लपू शकतात. लग्न झालेल्या खेळाडूंना दिवस राहावेत म्हणून लेट्रोझोल किंवा क्लोमिफिन देतात, तेही बारा महिने बंद. मेटफॉर्मिनला बंदी नाही. पण हे सगळं पुरुष प्रशिक्षकाला सांगायचं कसं? पोरी सांगत नाहीत. गोळीही घेतात आणि भीतीही बाळगतात. एका मुलीनं तर निवड झाल्यावर "घरी काम आहे" सांगून नाव मागं घेतलं. खरं कारण मला सहा महिन्यांनी कळलं.

त्या मुलींनी हे वाचावं म्हणून लिहिते: टीयूईच्या अर्जातली माहिती गोपनीय असते. समितीतले डॉक्टर बघतात. आजाराचं नाव प्रशिक्षकाला, संघाला, गावाला सांगायची गरज नाही. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा की मी खेळते, आणि विचारा की याच्याऐवजी दुसरं काही चालेल का. बऱ्याचदा चालतं.

---

अंबाजोगाई पीटी

ताई, तुमचं वाचून माझ्या शाळेतल्या दोन-तीन मुली डोळ्यांसमोर आल्या ज्यांनी असंच अचानक सोडलं. मी त्यांना आळशी म्हणलो होतो.

डॉक्टर, सलाईनचं राहिलं. ५०० मिली लावलं होतं. त्यात फक्त ग्लुकोज होतं म्हणे.

---

छातीचे डॉक्टर, संभाजीनगर

सलाईनमध्ये काय होतं हा वेगळा मुद्दा, किती गेलं हाच एक मुद्दा आहे. शिरेतून १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त काहीही जाणं ही बंदी असलेली पद्धत आहे, निव्वळ मीठपाणी असलं तरी. सूट आहे ती रुग्णालयातल्या उपचारात, शस्त्रक्रियेत किंवा तपासणीच्या प्रक्रियेत दिलेल्या सलाईनला. आपल्याकडं "अशक्तपणा वाटतोय, एक बाटली लावा" ही सवय आहे, खेळाडू तर स्पर्धेच्या आदल्या दिवशी ताकद यावी म्हणून लावून घेतात. ते पूर्णपणे बंद करायला हवं. तुमच्या पुतणीला अटॅकमध्ये दाखल करून लावलं असेल तर त्या रात्रीचा केसपेपर आणि डिस्चार्जचा कागद मिळवा. नुसतं बाकावर झोपवून लावलं असेल आणि कागदच नसेल, तर दवाखान्याकडून तारखेसह लेखी घ्या.

आणि एक चाचणी उरकून टाका: फुंकर मारायची, स्पायरोमेट्री. आधी एकदा आणि पंप घेतल्यावर पुन्हा. श्वासाच्या पहिल्या सेकंदातली हवा १२ टक्के आणि २०० मिलीनं वाढली की दमा कागदावर सिद्ध होतो. आज तिला टीयूई लागत नाही, पण उद्या वाफ किंवा गोळ्या लागल्या तर अर्जाला हाच रिपोर्ट जोडावा लागेल. तुमच्या गावातच स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं विचारा, नाही तर आमच्याकडं संभाजीनगरला घाटी रुग्णालयात या.

---

अंबाजोगाई पीटी

आठ दिवसांनी लिहितोय. उशिराबद्दल क्षमा असावी, राशीचे दिवस आहेत.

स्पायरोमेट्री झाली. पंपानंतर १७ टक्के वाढ. रिपोर्टवर डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. नांदेडच्या ताईंचं वाचून मी तिथंच उभं राहून घेतला. त्या रात्रीच्या दवाखान्यात गेलो. आधी टाळाटाळ झाली, मग त्यांनी रजिस्टर काढून सगळं लिहून दिलं: वाफेच्या दोन कुप्या, डेक्सा स्नायूत, सलाईन ५०० मिली, आणि पुडीत होती ती प्रेडनिसोलोन. खोकल्याच्या बाटलीचा फोटो, बिल, तारीख, सगळं एका फाइलमध्ये.

तिला बसवून एकेक औषध समजावलं. पंप का चालतो, सिरप का नाही. नमुना घेताना मागच्या सात दिवसांत घेतलेली औषधं फॉर्मवर लिहायची असतात, तीही तिनं वहीत लिहून ठेवलीत. तिला वाटत होतं फॉर्मवर लिहिलं की परवानगी मिळाली. तसं नाही, लिहिणं वेगळं आणि परवानगी वेगळी, हेही सांगितलं.

पंप सुरू होऊन आठ दिवस झाले. आज सकाळी धुक्यात साडेबारा फेऱ्या पूर्ण केल्या. शेवटच्या फेरीला मी घड्याळ बघायचं विसरलो.

---

तालीम लातूर

सर, वाचून बरं वाटलं. पोरीला माझ्याकडून शुभेच्छा सांगा. आणि डॉक्टर, त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो. आमच्या तालमीत एका पोराला लहानपणापासून फिट येते, गोळी रोज चालू आहे. तो स्पर्धेला उतरायला घाबरतो. त्याच्या गोळीचं बघाल का?

---

छातीचे डॉक्टर, संभाजीनगर

नक्की. फिटेच्या बहुतेक गोळ्यांना बंदी नाही, पण अंदाजानं नको. पाकिटावरचं पूर्ण नाव, जसं छापलंय तसं इथं टाका.